ही पूतना नव्हे

मालतीबाई चोपडे वांगी घेतानासुद्धा बॅटरी लावायच्या. वडनेरच्या आठवडी बाजारात, भर दुपारी, पर्समधून छोटी बॅटरी काढून एकेका वांग्यावर बाजूने उजेड पाडायच्या. भाजीवाली वैतागायची, "बाई, वांगे आहेत ते, चोर नाहीत!" बाई मान वर न करता म्हणायच्या, "समोरून उजेड टाकला की समदं गुळगुळीत दिसते. तिरका टाकला की भोकं दिसतात." मग नेमकं किडकं वांगं बाजूला काढून ठेवायच्या आणि भाजीवालीकडे अशा बघायच्या, जसं काही तिनेच ती अळी पाळली होती.

आमच्या शाळेत त्या चित्रकला शिकवायच्या, मी विज्ञान. शिक्षकांच्या खोलीत आमच्या खुर्च्या शेजारी होत्या. बाई उंचीने बेताच्या, आवाजाने मात्र शाळेतल्या घंटेला मागे टाकणाऱ्या. वर्गात शुद्ध बोलायच्या, पण राग आला की थेट वऱ्हाडी. म्हणजे दिवसातला बराचसा वेळ वऱ्हाडीच. लग्न केलं नव्हतं. कोणी आगाऊपणे कारण विचारलंच तर म्हणायच्या, "पाहाले आले होते दोघंतिघं. तिरक्या उजेडात एक बी टिकला नाही."

या बाईंचा नाद असा होता की आमच्या तालुक्यात तो दुसऱ्या कोणाला असण्याची शक्यता नव्हती. जपानी तलवारीचं पातं आणि मूठ यांच्यामध्ये एक लोखंडी चकती असते, हात पात्यावर घसरू नये म्हणून. तिकडे तिला त्सुबा म्हणतात. जुन्या कारागिरांनी या चकत्यांवर, मुठीच्या टोप्यांवर, बोटाएवढ्या पट्ट्यांवर देव, राक्षस, ऋषी, साप असं काय काय कोरून ठेवलंय. जगभर लोक या वस्तू जमवतात आणि बहुतेकांना त्यांच्यावर कोण कोरलंय ते कळत नाही. ते इंटरनेटवरच्या एका गटात फोटो टाकतात आणि विचारतात. मालतीबाई वडनेर भोलजीहून, मोडक्या पण ठाम इंग्रजीत, उत्तर द्यायच्या.

"पोत्यावाले तीन असतात, सर," एकदा मधल्या सुट्टीत त्यांनी मला फोन दाखवत समजावलं. "एकाच्या पोत्यात वारा. तो वाऱ्याचा देव, केस उभे, अंगात ताकद. दुसऱ्याचं पोतं धनाचं. त्याच्या हातात हातोडी असते, पायाखाली तांदळाची पोती असतात, अन् जवळ कुठंतरी उंदीर. तिसऱ्याचं पोट बी मोठं अन् पोतं बी मोठं, अन् हासून राह्यलेला. आता लोकं निस्तं पोतं पाहतात अन् नाव ठेवून मोकळे होतात."

मी म्हटलं, "मग तुम्ही कसं ठरवता?"

"नाव शेवटी. आधी काय दिसते ते मोठ्यानं बोलाचं. शिंग आहे का? पाय किती? हातात काय? समदं बोलून झालं की मंग नाव. लोकं उलटं करतात. आधी नाव ठेवतात अन् मंग त्या नावाचं समदं दिसाले लागते."

हेडमास्तर पलीकडून हसले. "बाई, जपान्यांच्या चकत्या पाहून आपल्या पोरांचा काय फायदा?"

"पोरांचा माहीत नाही," बाई म्हणाल्या, "माह्या डोळ्याचा आहे. तुमच्या डोळ्याचा बी झाला असता, पन तुम्ही चश्मा पुसत नाही." हेडमास्तरांनी खरोखरच चष्मा काढून पुसला.

पुण्याचे एक संग्राहक त्यांना नेहमी फोटो पाठवायचे. एकदा त्यांनी पाठवलेल्या चकतीवर वीणेसारखं वाद्य घेतलेली देवी होती आणि पायाशी साप. खाली त्यांनी लिहिलं होतं, 'सरस्वती'. बाईंनी फोन लावला. स्पीकर चालू होता, म्हणून आम्ही सगळ्यांनी ऐकलं.

"ही बेन्तेन आहे, सरस्वती नाही."

"अहो ताई, बेन्तेन म्हणजे मूळची आपली सरस्वतीच. इथूनच गेलीय ती, चीनमधून तिकडे."

"गेली ना? मंग झालं. सोनाळ्याची पोरगी लगन होऊन वडनेरले आली, तिचे लेकरं इथं झाले, नातवंडं इथं झाले. तिले कोनी इचारलं, कोन गावची, तर ती काय सोनाळ्याची म्हनते? तिनं हजार वर्षं तठी संसार केला. तिचं तिकडचं नाव तिले राहू द्या."

पलीकडे हसू आलं. "तुमची भाषा ऐकून फार मजा वाटते, ताई."

"वाटू द्या. पन नाव बदला."

त्यांनी बदललं नाही. बाई पुढे त्यांच्याशी बोलत राहिल्या, आणि प्रत्येक वेळी फोन ठेवताना आठवण करून द्यायच्या, "बेन्तेन."

त्या कधी चुकायच्याच नाहीत असं नाही. एका झिजलेल्या चकतीवर त्यांनी वाऱ्याचा देव सांगितला आणि ओसाकाच्या मिचिको नावाच्या बाईने लिहिलं की नाही, हा धनाचा देव आहे, खाली उंदराची शेपटी आहे. मालतीबाई भडकल्या. "शेपटी नाही, गंज आहे गंज!" कितीतरी दिवस दोघींचं जुंपलेलं होतं. शेवटी बाईंनी त्या चकतीच्या मालकाकडून बाजूने उजेड टाकलेला नवा फोटो मागवला. दुसऱ्या दिवशी त्या पेढे घेऊन शाळेत आल्या. आम्हाला वाटलं, जिंकल्या. "हरली," त्या म्हणाल्या. "उंदीरच निघाला. काय नाजूक शेपटी काढली हो त्या मानसानं! घ्या पेढा." गटातही त्यांनी लिहून टाकलं, माझी चूक, मिचिको बरोबर. त्या दिवसापासून मिचिको त्यांची मैत्रीण झाली.

हा नाद त्यांना लागला तो घरातल्याच एका चकतीमुळे. त्यांचे आजोबा, ज्यांना सगळे आबा म्हणत, दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशात होते. येताना त्यांनी एक जपानी तलवार आणली होती. पुढे कसल्याशा भीतीने बाईंच्या वडिलांनी पातं पोलिसांत नेऊन दिलं, मूठ कुजून गेली, उरली ती चकती. बाईंच्या आईने ती लोणच्याच्या बरणीच्या लाकडी झाकणावर वजन म्हणून ठेवली आणि तिथेच ती वर्षानुवर्षं राहिली. चकतीवर हवेत उडणारी एक भयंकर म्हातारी होती, छातीशी काहीतरी लांबट धरलेली. घरात सगळे तिला पूतना म्हणत. छातीशी आहे तो बाळकृष्ण, दुपट्यात गुंडाळलेला.

फोनमध्ये इंटरनेट आलं तेव्हा बाईंनी पहिला शोध घेतला तो या म्हातारीचा. मऊ फडक्याने, घाई न करता, त्यांनी चकती पुसत नेली. ॲसिड नाही, घासणी नाही. आणि एक दिवस तिरक्या उजेडात त्यांना दिसलं की म्हातारीला शिंगं आहेत. मग दिसलं की तिची एक बाही रिकामी आहे, वाऱ्यावर फडफडतेय. मग दुपट्यातल्या बाळाला नख्या दिसल्या.

"बाळ नाही, सर, हात आहे," त्या मला म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज चक्क खाली आला होता. "तुटलेला हात. तिचाच."

गोष्ट त्यांनी मिचिकोकडून ताडून घेतली. एका वीराने वेशीवर राक्षसाचा हात तोडला आणि तो पेटीत बंद करून ठेवला. राक्षस त्या वीराच्या म्हाताऱ्या मावशीचं रूप घेऊन दारात आला. म्हणाला, बाबा, एवढा पराक्रम केलास, मला एकदा दाखव तरी. त्याने पेटी उघडली. मावशीने झडप घालून हात उचलला आणि छप्पर फोडून उडून गेली.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. घोळ झाला तो बाईंच्या धाकट्या भावामुळे. दिलीपभाऊंचं गावात बियाण्यांचं दुकान होतं आणि डोक्यात निवडणूक. माणूस वाईट नव्हता. बहिणीवर त्याचा जीव होता. तिच्या गाडीत पेट्रोल आहे का हे तिच्यापेक्षा त्यालाच जास्त ठाऊक असायचं. त्याने ठरवलं, बसस्टँडजवळ आबांचं स्मारक करायचं. वर्गणी झाली, चौथरा झाला, सिमेंटचा पुतळा झाला. पुतळ्याच्या डोक्यावर फौजी टोपी, हातात उगारलेली तलवार. चौथऱ्याच्या दर्शनी भागात गोल खोबण ठेवली होती, त्यात ती चकती कायमची सिमेंटमध्ये बसवायची. फलकावर मजकूर रंगवला: आबांनी जपानी सेनापतीला लोळवून त्याची तलवार हिसकावली, आणि त्या तलवारीवर साक्षात पूतना आहे, कारण जपानीसुद्धा आपल्याच पुराणांना मानतात.

बाईंनी घरी बसून भावाला सांगितलं होतं. मी चहाला गेलो होतो, म्हणून समोरच होतो.

"दिलीप, ही पूतना नाही. अन् आबानं कोनाले लोळवलं नाही. आबा खेचरं सांभाळत होते."

"ताई, लोकायले खेचरं सांगू का मी? पुतळ्याच्या हातात लगाम देऊ?"

"दे. काऊन नाही?"

"हासतीन लोकं."

"हासू दे ना बे! आबा माह्याजवळ कधी खोटं बोलले नाही. त्यायच्या नावावर तू बोलून राह्यला."

"तुले काही बोलाचं नसंल तर नोको बोलू. निस्ती ये, चकती दे, खुर्चीवर बस."

बाई म्हणाल्या, "येईन." एवढंच. दिलीपभाऊंना वाटलं, पटलं. मी इतकी वर्षं शेजारच्या खुर्चीवर काढली होती, मला तसं वाटलं नाही.

कार्यक्रमाला चांगली गर्दी होती. बाहेरून पाहुणे आले होते, हारतुरे झाले, भाषणं झाली. पाहुण्यांनी पूतनेवर बरंच सांगितलं. मग निवेदक म्हणाला की चकतीच्या जाणकार आणि आबांच्या नात मालतीताई दोन शब्द बोलतील. हे दिलीपभाऊंनी ठरवलेलं नव्हतं, निवेदकाने हौसेने जोडलं. भाऊ खुर्चीतून अर्धे उठले, तोवर बाई माईकपाशी पोचल्या होत्या.

"बसा," त्या म्हणाल्या. भाऊ बसले. समोरची निम्मी गर्दी त्यांची विद्यार्थी होती. तीही सावरून बसली.

"ही चकती माह्या हातात आहे. नाव सोडा. काय दिसते ते सांगते." आणि त्यांनी सांगितलं. शिंगं, रिकामी बाही, नख्या, तुटलेला हात. मग वीराची, पेटीची आणि मावशीची गोष्ट, अशी की मागे उभे असलेले रिक्षावालेसुद्धा पुढे सरकले. "पूतना दुसऱ्याचं लेकरू माराले आली होती. ही आपला हात न्याले आली होती. ज्याचा तोडला, त्यानं परत नेला. ह्या दोघी एक कशा होतीन?"

बायकांच्या बाजूने कोणीतरी टाळी वाजवली.

"आता आबांचं," बाई म्हणाल्या, आणि तेवढ्यात माईक बंद पडला. कोणी वायर काढली ते सगळ्यांना दिसलं. बाईंनी माईककडे पाहिलंसुद्धा नाही.

"मले माईक लागत नाही!" वर्गातल्या आवाजात त्या म्हणाल्या. "माह्या आबानं बंदूक चालवली नाही. ते खेचरं हाकत होते. चिखलातून, डोंगरातून वर दाणागोटा नेत अन् खाली जखमी मानसं आनत. तलवार लढाईत नाही भेटली. लढाई सरली तवा जपानी अधिकाऱ्यायनं एका मैदानात रांगेनं तलवारी जमिनीवर ठेवल्या. आबाले साहेबानं सांगतलं, उचल. आबा म्हनत, तलवार ठेवनाऱ्याचे हात थरथरत होते, अन् उचलताना माहे बी. आबानं मानसं मारली नाही, मानसं खाली आनली. याची लाज ज्याले वाटते, त्यानं हा पुतळा बसवू नये."

त्यांनी चकती रुमालात गुंडाळली, पायऱ्या उतरल्या, गाडीला किक मारली आणि गेल्या. पुतळा बसला, तलवारीसकट. खोबण तेवढी रिकामी राहिली.

दिलीपभाऊंना तिकीट मिळालं नाही. त्याला कारणं पुष्कळ असतील, पण दुकानावर येणारे "काय खेचरवाले" म्हणायला लागले आणि भावाने सगळा राग बहिणीवर ठेवला. बोलणं बंद, येणं बंद. एके सकाळी बाईंच्या घराच्या रस्त्याकडच्या भिंतीवर कोळशाने कोणीतरी मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: खेचर.

शाळेत सगळे हळहळले. हेडमास्तर म्हणाले, चुना मारून टाका, मी माणूस पाठवतो. बाई म्हणाल्या, "चुना काऊन? चित्र काढाले जागा झाली."

रविवारी त्या स्टुलावर चढल्या. चार-पाच दिवस शाळा सुटल्यावर काम चाललं. त्या अक्षरांवरच त्यांनी भिंतभर एक खेचर रंगवलं. कान टवकारलेलं, पाठीवर दोन्ही बाजूंना ओझं, मांड्यांपर्यंत चिखल, आणि डोळा असा की रस्त्याने जाताना माणूस थबकायचा. लगाम धरलेला माणूस पाठमोरा होता. वरवट बकालकडून पाहुणे आले की लोक त्यांना मुद्दाम ती भिंत दाखवायला आणू लागले. एसटीचा कंडक्टरसुद्धा विचारायचा, "खेचराच्या घरापाशी कोन उतरते?" बाईंना ते आवडायचं. "पत्ता सोपा झाला," म्हणायच्या.

पण भाऊबीजेला त्या पाट मांडायच्या. रांगोळी काढायच्या, ताटात निरांजन, सुपारी, सगळं. दुकान तर हाकेवर. एका भाऊबीजेला मी आणि माझी बायको फराळाचं द्यायला गेलो तेव्हा पाट रिकामाच होता आणि बाई अंगणात ताट घेऊन उभ्या होत्या. पश्चिमेला बारीक कोर होती. भाऊ नसलेल्या बायका ओवाळतात तसं त्यांनी चंद्राला ओवाळलं. माझ्या बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. ती म्हणाली, "बाई, जाऊन एकदा बोला ना तुम्हीच. मोठ्या आहात."

"बोलीन ना. आत्ता जाईन," बाई म्हणाल्या. "पन काय बोलू? ती पूतना होती म्हनू? भाऊ पाह्यजे म्हनून आबाले पुन्हा तलवार देऊ हातात?" त्यांनी निरांजन खाली ठेवलं. "त्यो नाही आला तरी भाऊ आहे माहा. अन् मी नाही म्हनलं तरी बहीण आहे त्याची. थांबू. मले घाई नाही."

त्या निवृत्त झाल्यावर मिचिकोने त्यांना बोलावलं. तिच्या गावाजवळच्या संग्रहालयात तलवारीच्या चकत्यांचं मोठं दालन होतं. या, माझ्याकडे राहा, काचेतून का होईना पण समोरून पाहा. गावात सगळ्यांनी समजावलं. या वयात, एकटी, विमानाने, भाषा येत नाही. बाईंचं उत्तर एकच होतं, "भाषा त पुण्यात बी येत नाही मले. तरी जाते ना?" पासपोर्ट काढला, लोकरीची टोपी घेतली, आणि बॅटरीत नवे सेल भरले.

तिकडून आल्यावर त्या आमच्या गावात फारशा राहिल्याच नाहीत. भाची, म्हणजे दिलीपभाऊंची मुलगी, अमरावतीला नोकरीला होती, ती त्यांना घेऊन गेली आणि तिथेच एका पावसाळ्यात त्या गेल्या. मी तेव्हा मुलाकडे होतो. त्यामुळे माझ्यासाठी मालतीबाईंचं शेवटचं दर्शन म्हणजे जपानला निघाल्या तेव्हाचं, नांदुऱ्याच्या स्टेशनावरचं.

मी आणि माझी बायको त्यांना पोचवायला गेलो होतो. मुंबईची गाडी यायला अवकाश होता. बाई बॅगेवर बसून चहावाल्याशी चहाच्या रंगावरून वाद घालत होत्या, तेवढ्यात जिन्यावरून दिलीपभाऊ उतरले. हातात फडक्यात बांधलेला डबा. आमच्याकडे न बघता थेट बहिणीसमोर येऊन उभे राहिले.

"दशम्या आहेत. शेंगदान्याची चटनी आहे. तिकडे काय खाशील तू, मासे?"

"भात खाईन."

"घे म्हनलं ना."

बाईंनी डबा घेतला आणि मांडीवर ठेवला. मग भाऊ म्हणाले, "तिकडे इचारतीन ना तुले, चकती कशी आली तुमच्याकडे म्हनून?"

"इचारतीनच."

"काय सांगशील?"

"आबानं सांगतलं तेच."

"खेचरांचं बी?"

"आधी खेचरांचंच."

गाडी आली. भाऊंनी बॅग उचलली, आत नेऊन सीटखाली सरकवली, खाली उतरून खिडकीपाशी आले. गाडीने शिट्टी दिली तेव्हा त्यांनी गज धरला.

"आबाजवळ दोन खेचरं होते, एकीचं नाव तुळशी होतं," ते म्हणाले. "जखमी घेऊन येताना मंधात कधी बसली नाही म्हनत. आबा मले बी सांगत होते, ताई. तू शाळेत जात होती तवा. नाव घेऊन सांग तिचं."

गाडी हलली. भाऊ खिडकीबरोबर चालू लागले. मग एकदम बाईंनी गजांना तोंड लावून, पूर्ण वर्गाच्या आवाजात विचारलं, "अन् दुसरीचं? दुसरीचं काय होतं बे?"

दिलीपभाऊ धावायला लागले. पोट सुटलेला, चपला फटफटणारा तो माणूस, लोकांना धक्के देत, सगळ्या फलाटाला ऐकू जाईल असं ओरडत होता, "रखमी! रखमी होतं! रखमी!"